भोजनगृहातील तीन फलक

भोजनगृहाच्या पूर्वेकडील भिंतीवरील तीन चित्रफलकांसमोर उभे राहून पालक हमखास विचारतात, "यात शंख कोठे आहे?" खाली ‘शंख १’, ‘शंख २’, ‘शंख ३’ असे लिहिलेले असल्याने प्रश्न रास्तच आहे. हे फलक आम्ही एकाच तुकडीच्या सहा माजी विद्यार्थ्यांनी मिळून केले. त्यांत शंख सरळ का दिसत नाही, हे सांगायचे तर आमच्या हातून घडलेली एक गोष्ट आधी सांगावी लागेल. ती आम्ही आजवर वसतिगृहाबाहेर सांगितलेली नाही.

आठवीच्या वर्षी शाळेची सहल महाडला गेली. १९२७ साली बाबासाहेबांनी ज्या तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, त्या चवदार तळ्याचे दर्शन घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी दापोलीमार्गे हर्णैजवळच्या किनाऱ्यावर पोहोचलो. घाटावरच्या आम्हां मुलांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी शिंपले चिकटवून भगवान बुद्धांचे मोठे चित्र करण्याचे ठरले होते. त्यामुळे ओहोटी लागताच आम्ही किनाऱ्यावर तुटून पडलो. कवड्या, शिंपले, कालवांची खडबडीत कवचे, मळसूत्री शंख, जे हाती लागेल ते पिशवीत जाऊ लागले. काही शंखांची तोंडे शिंगासारख्या तपकिरी झाकणाने बंद होती. ते अधिक सुंदर दिसले, म्हणून आम्ही ते वेचून वेचून घेतले.

ते झाकण म्हणजे आतल्या जीवाने भीतीने ओढून घेतलेले दार होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. परतल्यावर पिशवी खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. तिसऱ्या रात्री खोलीत दुर्गंधी सुटली. पेटी उघडली तेव्हा झाकणे सैल पडली होती, आणि एका शंखातून त्यात उसने घर करून राहणारा खेकडा अर्धा बाहेर येऊन मेलेला होता. त्या तिन्ही संध्याकाळी, त्याच पेटीपासून काही पावलांवर बसून, हात जोडून, आम्ही प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील ग्रहण करीत होतो.

भंतेजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे आम्हांस तेव्हाही वाटले. त्यांनी फक्त फावडे आणून दिले. चित्रकलेच्या सरांनी शिंपल्यांचे चित्र रद्द केले, आणि उरलेल्या रिकाम्या शंखांपैकी एक टेबलावर ठेवून ते म्हणाले, "याची बाह्यरेषा काढू नका. हा वाढला कसा, ते काढा."

मग त्यांनी एक शंख दगडावर घासून उभा अर्धा केला. आतला जीव चुन्याचा नवा थर केवळ तोंडाच्या कडेशी घालीत जातो. त्याची बालपणीची जागा मोडत नाही; ती टोकाशी तशीच राहते. प्रत्येक वेढा मागच्याहून मोठा, पण घडण तीच. हे कागदावर उतरवताना आमच्या चित्रांतून शंख नाहीसा होत गेला आणि वळण तेवढे राहिले. अर्धअमूर्त हा शब्द आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळला. झेन विचारांची ओढ असलेल्या वासुदेव गायतोंडे यांची चित्रे पाहिली तेव्हा आम्ही स्तब्ध झालो, पण वस्तूचा आधार पूर्ण सोडण्याचे धैर्य आमच्यापाशी नव्हते. नागावात जन्मलेल्या प्रभाकर बरवे यांच्या चित्रांत ओळखीची वस्तू आणि मोकळा अवकाश शेजारी नांदतात. तो शेजार आम्हांस अधिक जवळचा वाटला.

फलक करताना एक नियम घातला: शंख चिकटवायचा नाही, त्याचा फक्त ठसा घ्यायचा. प्लायवुडवर सुती लुगड्याच्या पट्ट्या ताणून बसवल्या आणि त्यांवर शिंपल्यांचा चुना, बारीक रेती व स्वयंपाकघरातून मिळालेले भाताचे तूस यांचा लेप दिला. अजिंठ्याच्या भिंतींवरही तूस मिसळलेल्या मातीचा गिलावा आणि त्यावर चुन्याचा पातळ हात आहे. कल्पना तेथूनच घेतली. लेप ओला असताना रिकामा शंख दाबून उचलला. वाळल्यावर गेरू, पिवळी माती व काजळी यांचे हात दिले, आणि अगदी शेवटी ॲक्रिलिकचा एक फिका निळा पडदा.

पहिल्या फलकाला महिन्याभरात फोड येऊन त्याचे टवके उडाले. आमच्यातल्या एकाची आई, जिने आयुष्यभर गवंड्यांच्या हाताखाली काम केले, ती फलक पाहायला आली होती. तिने बोटाने एक टवका चुरगळला. "किती दिवस मुरवला होता चुना?"

"दोन दिवस, मावशी."

"दोन दिवसांत चुना निवतो का रे बाळांनो? आतला खडा कच्चा राहतो आणि मागाहून फुटतो."

तिच्या देखरेखीखाली चुना पुन्हा विझवला, फडक्यातून गाळला आणि महिनाभर पाण्याखाली ठेवला. दुसरा व तिसरा फलक त्या चुन्याचे आहेत. त्यांना अद्याप तडा नाही. भट्टीत भाजलेला शिंपला चुना होतो आणि लेपातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा शिंपल्याच्याच द्रव्यात परततो, हे शाळेत रसायनशास्त्रात शिकलो होतो. ते खरोखर समजले या वेळी. मात्र चुना शिंपले भाजूनच होतो, मग आपल्या नियमाला अर्थ काय, असा प्रश्न आमच्यातल्याच एकाने काढला. मेलेली कवचेच भट्टीत जातात, असे दुसऱ्याचे उत्तर. त्यावर आमचे एकमत अजून झालेले नाही.

पहिला फलक आम्ही बदलला नाही. त्याच्या खळग्यांत लहान मुले जेवणाच्या रांगेत उभी असताना बोटे घालून पाहतात. अधीक्षकांनी त्यांना अडवू नये, अशी विनंती आहे.

सहलीतून आणलेले उरलेले शंख इतकी वर्षे कपाटात पडून होते. उसन्या घरात राहणाऱ्या खेकड्यांना वाढत्या अंगासाठी मोठे रिकामे शंख लागतात, हे वाचल्यावर गेल्या मे महिन्यात आम्ही ते त्याच किनाऱ्यावर नेऊन भरतीच्या रेषेशी ठेवले. सरांनी घासून अर्धा केलेला तेवढा परत आणला, कारण तो घर म्हणून कोणाच्याच उपयोगाचा नव्हता. सध्या तो ग्रंथालयात, दाराजवळच्या काचेच्या कपाटात आहे.