पोकळी आणि एक ओला रुमाल

मुंबईहून गोव्याला बोटीने जावे, ही आमची फार जुनी इच्छा. आमच्या वडीलधाऱ्यांनी कोकण बोटीचे प्रवास केलेले. भाऊचा धक्का, डेकवर अंथरलेल्या सतरंज्या, बंदरापासून दूर उभी राहणारी बोट आणि उतारू उतरवून घेणारे मचवे यांच्या कथा ऐकतच आम्ही वाढलो. त्या बोटी कधीच बंद झाल्या. अखेर एका दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे, एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे पतिपत्नी, एका आधुनिक पर्यटक जहाजावर चढलो. समुद्र, चांदणे, दीपगृहे यांवर काही लिहावे, असा बेत होता. लिहावे लागत आहे ते संडासाविषयी.

केबिनमधला तो संडास प्रथमदर्शनीच निराळा वाटला. भांड्यात पाणी जवळजवळ नव्हते. बटण दाबले की क्षणभर शांतता, मग पाण्याची एक बारीक फवार, आणि लगेच एखाद्या मोठ्या जनावराने दचकून श्वास घ्यावा तसा आवाज. दोन सेकंदांत सारे अदृश्य. भिंतीवर सूचना होती : कागदाखेरीज आत काहीही टाकू नये. आम्ही ती वाचली. व्याकरणाची एक चूकही काढली.

त्याच रात्री आमच्यापैकी एकाने तोंड पुसण्याचा ओला रुमाल, तो बाजारात पाकिटात मिळतो तसला, आत टाकला. कोणी टाकला हे सांगणार नाही. 'आम्ही' या सर्वनामाची एवढी सोय आम्ही घेतो. बटण दाबल्यावर आवाज आला तो थांबेचना. बारीक, सततची शीळ. आम्ही दार लोटून झोपलो. तासाभराने बाहेर गडबड ऐकू आली. आमच्या रांगेतल्या एकाही केबिनचा संडास चालत नव्हता. समोरच्या केबिनमधल्या वृद्ध बाई आपल्या मुलाचा हात धरून दुसऱ्या मजल्यावर निघाल्या होत्या. जहाज हलत होते आणि त्यांची पावले अडखळत होती.

जहाजाचा प्लंबर आला. वेंगुर्ल्याकडचा, पन्नाशीचा. तो प्रत्येक दाराशी थांबून कान देत होता. आमच्या दाराशी थांबला तो आतच आला.

"आत काही पडलं का, सर?"

"नाही," आम्ही म्हणालो. दोघेही, एका सुरात.

त्याने मान हलवली, हातमोजे चढवले आणि भांड्यामागचे झाकण उघडले. काही वेळाने त्याने काहीतरी काढून काळ्या पिशवीत टाकले. शीळ थांबली. ते काय होते, हे त्याने दाखवले नाही आणि आम्ही विचारले नाही. त्याऐवजी, गप्प राहणे असह्य झाल्यामुळे असेल, आम्ही विचारले, "हे ओढून घेणारं यंत्र चालतं तरी कसं?"

"ओढत नाही, मॅडम. ढकलतं," तो म्हणाला.

मग त्याने समजावले ते असे. खाली यंत्रघरात पंप आहेत. ते नळांतली हवा सतत काढत राहतात, त्यामुळे आत बाहेरच्या सुमारे निम्माच दाब उरतो. बटण दाबले की भांड्याखालची झडप क्षणभर उघडते आणि खोलीतली हवा आत घुसताना वाटेतले सारे पुढे लोटते. नळ जेमतेम दोन इंच व्यासाचा. पण आम्ही नंतर कागदावर गणित मांडले, तर त्या तोंडावर सुमारे 10 किलोचा रेटा पडतो. म्हणूनच नळाला उताराची गरज नाही, मैला वरच्या दिशेनेही जाऊ शकतो. घरी एका वेळी सहा ते दहा लिटर पाणी लागते तेथे एक-सव्वा लिटरमध्ये भागते. गोडे पाणी मोजून वापरावे लागणाऱ्या जहाजाला याहून मोठे सुख कोणते? मात्र एक झडप चिंधी अडकून उघडी राहिली, तर तेथून हवा आत शिरत राहते आणि त्या फाट्यावरच्या सगळ्यांचीच पोकळी संपते.

घरी परतल्यावर आम्ही थोडे वाचन केले. टॉरिचेल्लीने 1643 साली हवेच्या दाबाची कल्पना मांडली. त्याआधी निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे, असे विद्वान सांगत असत. एकोणिसाव्या शतकात लीर्नुर या डच अभियंत्याने ॲमस्टरडॅममध्ये हवेच्या दाबावर मैला वाहून नेण्याचा प्रयोग केला. आजच्या पद्धतीचे श्रेय लिलियेनदाल या स्वीडिश अभियंत्याकडे जाते. त्याचे काम 1950च्या दशकातले. जहाजांच्या मैल्यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम 2003 साली अमलात आले. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या पुढे, तोही जहाज किमान चार नॉट वेगाने चालत असताना, हळूहळू सोडता येतो. 'वाहून गेले' म्हणजे नाहीसे झाले, असे नव्हे. त्यालाही अंतर आणि वेग ठरवून द्यावा लागतो.

हे सारे कळले, पण त्या रात्री झोप लागली नव्हती ती या अज्ञानामुळे नव्हे. आम्ही वर्गात दलित आत्मकथने शिकवतो. कणकवलीच्या गोपुरी आश्रमातल्या अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः भंगीकाम केले, हे मुलांना सांगताना आमचा स्वर भरून येतो. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध 1993 आणि 2013 साली कायदे झाले, तरी गटारात माणसे का मरतात, असा प्रश्नही आम्ही विचारतो. आणि त्याच तोंडाने आम्ही 'नाही' म्हणालो होतो. घाण आमची होती, हात दुसऱ्याचा होता, आणि खोटे बोलण्यासाठी आम्हाला विचारसुद्धा करावा लागला नाही.

पहाटे गोव्याचा किनारा दिसू लागला तेव्हा आम्ही त्याला शोधत खाली गेलो. तो चहा पीत उभा होता.

"काल तो रुमाल आम्हीच टाकला होता," आम्ही सांगितले.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "सगळेच नाही म्हणतात, सर." मग थोडे थांबून, "त्या म्हाताऱ्या बाईंना सांगितलंत का?"

सांगितले नव्हते. आम्ही वर गेलो. त्यांच्या केबिनचे दार उघडे होते, अंथरूण झाडून ठेवलेले होते. त्या उतरण्याच्या रांगेत बऱ्याच पुढे, मुलाचा हात धरून उभ्या होत्या. मध्ये सामानासह पन्नासेक माणसे होती. ती ओलांडून जाता आले असते. आम्ही रांगेत आमच्या जागी उभे राहिलो.