नाताळच्या झाडासमोर

आमच्या भिवंडीच्या घरात नाताळच्या छायाचित्रांचा एक जुना अल्बम आहे. त्यात सुरूची फांदी सजवलेली दिसते, नव्या कपड्यांतली माणसे दिसतात. मात्र फांदीवरचे दिवे पेटल्यासारखे वाटत नाहीत आणि आईचे डोळे मिटलेले असतात. फ्लॅशचा लखलखाट झाला की तिच्या पापण्या आपोआप मिटत. आम्ही हसत असू, तीही हसे.

दोष आमच्या घाईचा होता. झाडावरचे इवले दिवे मंद असतात. फ्लॅशच्या प्रखर, क्षणिक झोतापुढे त्यांचा उजेड जवळजवळ नोंदलाच जात नाही. फ्लॅश बंद करावा, तर दिवे उजळतात. पण पुढ्यातल्या माणसांच्या काळ्या आकृत्या उरतात. 1848 साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने मेणबत्त्या लावलेल्या झाडाभोवती जमलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे चित्र छापले. ते कोरणाऱ्या कलावंताला मेणबत्ती आणि चेहरा, दोहोंनाही हवा तितका उजेड देता आला. पुढे 1882 मध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमधील आपल्या घरी झाडावर विजेचे 80 दिवे लावले. मेणबत्तीमुळे वाटणारी आगीची धास्ती अशा दिव्यांनी कमी केली. छायाचित्र काढणाऱ्याची अडचण मात्र तशीच राहिली.

2018 च्या डिसेंबरात आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला थोडेच दिवस झाले होते. तीव्र उजेड तिला सोसवत नसे. ती सहज म्हणाली, “यंदा मला वगळून काढा रे फोटो.” ते शब्द मला लागले. फ्लॅशच्या सोयीसाठी घरातली थोर व्यक्ती वगळायची?

त्या रात्री फ्लॅश पेटीतच राहिला. प्रथम खुर्च्या झाडापासून सहा फूट पुढे ओढल्या. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. म्हणून चेहऱ्यांसाठी लावलेला उजेड मागच्या झाडापर्यंत क्षीण होऊनच पोचतो आणि त्याचे दिवे मारत नाही. ट्यूबलाइट मालवली. झाडावरच्या दिव्यांसारखाच पिवळसर दिवा एका बाजूला, डोळ्यांच्या पातळीहून थोडा उंच ठेवला. भिवंडीत कापडाची काय वाण? मागावरून उतरलेल्या, धुलाई न झालेल्या पांढुरक्या कापडाचा चार हात तुकडा दिव्यापासून सुरक्षित अंतरावर दोरीवर टांगला. त्यातून गाळून आलेला उजेड आईच्या चेहऱ्यावर पहाटेसारखा पसरला. “आता डोळ्यांना त्रास नाही हो,” ती म्हणाली.

कॅमेऱ्याचे शटर पाव सेकंद उघडे ठेवायचे होते. शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग नाताळच्या रात्रीही चालू होते. त्यांची थरथर फरशीतून कॅमेऱ्याच्या तिपाईत चढे. म्हणून तिच्या पायांखाली गोधडीच्या घड्या घातल्या. मग सेल्फ टायमर लावून मी धावत जाऊन आईशेजारी बसलो. “श्वास रोखा,” असे म्हणेपर्यंत धाकटा नातू हललाच. आई मात्र पवित्र साक्रामेंतापुढे बसावी तशी निश्चल होती.

छायाचित्रात नातवाचा हात धूसर आहे. मागे झाड उजळले आहे. आईचे डोळे उघडे आहेत आणि तिच्या बाहुल्यांत त्या कापडाचा एकेक शुभ्र ठिपका चमकतो आहे. पुढच्या नाताळात तिची खुर्ची रिकामी होती. आम्ही ते चित्र गव्हाणीशेजारी ठेवले. तिचे उघड्या डोळ्यांचे नाताळचे छायाचित्र आमच्यापाशी ते एवढेच.

वाचकहो, यंदा आपण झाडासमोर कुटुंबाला बसवाल, तेव्हा कॅमेरा हाती घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वडील माणसाला एवढेच विचारा : उजेड डोळ्यांवर येतो का?