वायर जोडण्यापूर्वी

शासनाच्या पणन खात्यात माझी हयात गेली. आदिलाबादच्या यार्डात कापसाच्या गाड्या लागत, तेव्हा मूठभर कापूस दाबून त्यातला ओलावा सांगण्याची सवय हाताला जडली होती. मागाहून यंत्र आकडा दाखवी : ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ च्या पुढे खरेदी नाही. हाताचा व यंत्राचा अंदाज बहुधा जुळे. त्यामुळे वस्तूची पारख आपल्याला आहे, हा समज घेऊनच मी निवृत्त झालो आणि तलमडुगुला घरी येऊन राहिलो. तो समज एका गिटारीने दूर केला.

चार वर्षांपूर्वी थोरल्या नातवाने गिटार मागितली. एरवी लाकडाच्या पेटीतून बोलणारी, पण वायर जोडली की ध्वनिवर्धकावरही वाजणारी. दुकानदाराने वायर जोडूनच ती ऐकवली. दुकान घुमले. काळा चकचकीत रंग, कडेला नक्षी, सूर जुळवून देणारा दिवा अंगातच बसवलेला. मी पैसे मोजले. मुलगा वर्षभर झटला. बोटांना फोड आले, आणि पेटीजवळच्या पडद्यांवर सूर काही केल्या लागेना. शेवटी, “आबा, मला सुराचा कानच नाही,” असे म्हणून त्याने ती कपाटावर ठेवली. पोराला चिकाटी नाही, असे मीही मनात म्हटले.

गेल्या वर्षी धाकट्या नातीने तोच हट्ट धरला. दुसऱ्यांदा पैसे घालण्यापूर्वी मी ती गिटार खाली काढली आणि वडिलांच्या तंबोऱ्याशेजारी ठेवली.

तंबोरा मिरजेचा. तेथील शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. वडील सांगत, तंबोरा घेताना नक्षी शेवटी पाहावी. आधी भोपळा पुरता वाळला आहे का, तबलीचे लाकूड एकसंध आहे का, सांधे बसले आहेत का, दांडी सरळ आहे का, आणि जवारी नीट उघडते का, हे पाहावे.

हीच यादी मी गिटारीला लावली. दांडीच्या टोकाशी डोळा लावला, तर दांडी उघड बाकलेली. बाराव्या पडद्याशी पट्टी धरली. तेथे जाड तार सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक तार दोन मिलिमीटर उंच असली म्हणजे बोटाला सोसते. येथे चारांहून अधिक उंची होती. घोडीमागे कागदाचा तुकडा सरकवला, तो आत शिरला. म्हणजे सरस सुटू लागला होता. मग बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून स्वर काढला आणि तेथेच तार दाबून पुन्हा काढला. दोन्ही स्वर एक यायला हवेत. दाबलेला स्पष्ट चढा होता. उंच तार दाबताना अधिक ताणली जाते, म्हणून असे होते. मुलाला सूर चुकलेला ऐकू येत होता, कारण तो खरोखरच चुकलेला होता. कान त्याचे बरोबर होते.

वायरीने हे सारे झाकले होते. घोडीवरच्या पट्टीखाली स्फटिकाची बारीक पट्टी असते. तारेच्या कंपनाचा दाब तिच्यावर पडला की वीज उत्पन्न होते, आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचे यंत्र ती वाढवते. बाकी घुमारा बटणाचा. अमेरिकेत हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांनी १९६६ मध्ये ‘ओव्हेशन’ गिटार काढली. तिची पाठ काचतंतूंची, आपल्या भोपळ्यासारखी गोल. विजेची जोड असलेल्या गिटारी पुढे रंगमंचावर रुळल्या, त्यात तिचा वाटा मोठा. पण त्या यंत्रविद्येच्या माणसानेही तबली मात्र स्प्रूस लाकडाचीच ठेवली होती.

नातीला घेऊन नागपूरला गेलो. दुकानदार वायर आणू लागला, त्याला थांबवले. दोन गिटारी समोर होत्या. एक यंत्रासह, नक्षीदार; तिच्या तबलीच्या भोकाची कड पाहिली तर प्लायवुडचे थर दिसले. दुसरी किमतीने जवळपास तेवढीच, साधी, यंत्राविना. पण तबलीच्या रेषा वरून कडेत सरळ उतरलेल्या, म्हणजे लाकूड एकसंध. प्लायवुड वाईटच असते असे नाही. हवापालट त्याला अधिक सोसतो, आणि स्वस्त गिटारीत ते योग्यच. पण त्याला एकसंध लाकडाचा भाव देऊ नये. पडद्यांच्या टोकांवरून तळहात फिरवला, कोठे खुपले नाही. नातीला डोळे मिटून दोन्ही वाजवायला सांगितले. तिने साधी निवडली. विजेची पट्टी मागाहून बसवता येते; तबली मागाहून बदलत नाही.

आपल्याकडच्या वैशाखात लाकूड चिरते आणि श्रावणात फुगते, म्हणून ती पेटीबंद राहते, पत्र्याखाली कधीच नाही.

दिवाळीत नातू घरी आला. बहिणीची गिटार त्याने सहज मांडीवर घेतली, एक तार दाबली आणि माझ्याकडे पाहिले.

“आबा, हिच्या तारा किती खाली आहेत!”

“तुझे कान तेव्हाही ठीक होते, बाळा,” मी म्हणालो. “घेणाऱ्याने नीट पाहिले नव्हते.”

तो काही बोलला नाही. रात्री जेवणाची हाक दोनदा द्यावी लागली.