परतीची वाट

जुनी गाडी सेल्फ घेत नाही म्हटलं की मालक आधी बॅटरी बदलतो. मग सेल्फ उतरवून नेतो, बुश आणि कार्बन नवे टाकून आणतो. एवढं करूनही इंजिन कण्हत अर्धा फेरा मारून थांबलं, की गाडी दोरीला बांधून माझ्याकडे येते. तोवर खिसा हलका झालेला असतो आणि दोष आपल्या जागी सुखरूप असतो. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये माझं आयुष्य गेलं, त्यातून एक मत पक्कं झालंय. या गाड्यांत पार्ट कमी मरतात, जोड जास्त मरतात. त्यातही अर्थिंगचे जोड आधी जातात, कारण तिकडे कुणी ढुंकून बघत नाही.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून सेल्फकडे जाणारी जाड केबल सगळ्यांना दिसते. ती घासली जाते, पुसली जाते, बदलली जाते. पण सेल्फमधून गेलेला करंट निगेटिव्हला परतही यायला हवा, आणि त्या वाटेवर बराचसा भाग वायरचा नसतोच. इंजिनचा ब्लॉक, तिथून विणलेल्या तांब्याची एक पट्टी, मग बॉडीचा पत्रा, मग बॅटरीची छोटी केबल. इंजिन बसलेलं असतं रबराच्या माउंटिंगवर. ती पट्टी गेली की इंजिन बॉडीपासून तुटलंच.

साठच्या दशकातली एक फियाट ११०० मध्यंतरी आली होती, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. गाडी इतकी देखणी केली होती की बॉनेटवर हात ठेवायला जीव होईना. रंग नवा, क्रोम नवं, बॅटरी नवी, सेल्फ नुकताच भरलेला. मालक म्हणाले, “दादा, रंगवायला दिली तेव्हा एका सेल्फमध्ये सुरू व्हायची. आली ती अशी.” नकळत त्यांनी निदानच सांगून टाकलं होतं. जाता जाता हेही म्हणाले, की चार वेळा सेल्फ मारला की कसलासा जळका वास येतो.

कॉइलची मधली जाड वायर डेल्कोतून काढून मी ब्लॉकला टेकवून बांधली, म्हणजे इंजिन फिरेल पण पेटणार नाही. मालकांना चावी फिरवायला सांगितली. चावीला हात लावण्याआधी बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, सेल्फ मारताना ११.४. इथे बरेच जण चुकीच्या दिशेने जातात. इंजिन रडत फिरतंय आणि बॅटरी दहाच्याही खाली कोसळतेय, तर बॅटरी संपलीय किंवा सेल्फ आत जाम आहे. पण इंजिन रडतंय आणि बॅटरी मात्र निवांत आहे, याचा अर्थ तिच्याकडून कुणी पुरेसं मागतच नाहीये. वाटेत कुठेतरी अडलंय.

मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं थेट ब्लॉकवर. ही दोन्ही ठिकाणं विजेच्या दृष्टीने जवळपास एकच असायला हवीत, सेल्फ मारतानासुद्धा तिथे पाव-अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. मीटर तीनच्या पुढे गेला. मी चोकच्या केबलला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. केबल तापली होती. पट्टीतून जायला वाट मिळेना म्हणून सेल्फचा करंट कार्ब्युरेटरवरून चोकच्या बारीक तारेतून डॅशबोर्डकडे आणि तिथून बॉडीत परतत होता. जळका वास होता तिच्या वेष्टनाचा.

पट्टी जागेवर होती, नवीकोरी होती, बोल्टही घट्ट होता. फक्त तो रंगावर आवळलेला होता. रंगाऱ्याने इंजिन-बे आतून सुरेख रंगवला, त्यावर फिटरने पट्टी बसवली. दोघांचंही काम बघायला चोख. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम संपर्क होत होता. सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. वाटेत एका ओहमचा पन्नासावा भाग एवढाच अडथळा असला, तरी दीडशे अँपिअरला तीन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. एवढा बारीक अडथळा साध्या मीटरच्या ओहमच्या खुणेवर नीट कळतही नाही. टेस्ट लॅम्प तर इथे हमखास फसवतो, पाच वॅटचा बल्ब असल्या जोडातूनही लख्ख पेटतो. म्हणून जोड तपासायचा तो ओझं चालू असताना.

बोल्टखालचा रुपयाएवढा रंग खरवडून पत्रा पांढरा केला, दातेरी वॉशर घातला, आवळल्यावर वरून व्हॅसलीन फासलं. मालकांचा चेहरा मात्र रंग खरवडताना पडला होता. रिस्टोअर केलेल्या गाड्यांचं हेच दुखणं आहे. गंज परवडला, तो निदान दिसतो. शोरूमसारख्या चकचकीत गाडीत मी सगळ्यात आधी पॉलिश पेपर काढतो, त्याने मालक नाराज झाले तर होवोत.

इंजिन झोकात फिरतंय पण पेटत नाही, हे निराळं प्रकरण. तिथे डेल्कोचं झाकण काढावं. सीबी पॉइंट काळे पडलेत का, कॅम फिरताना उघडतात का, ते डोळ्यांनी दिसतं. कॉइलची वायर ब्लॉकपासून थोडी दूर धरली की ठिणगी निळी आणि ‘टक्’ वाजणारी हवी. पिवळट, मरगळलेली पडली आणि पॉइंटवर खड्डे-टेंगळं दिसली, तर संशय कंडेन्सरवर. पॉइंट मिटलेले राहून चावी तासभर चालू राहिली की कॉइल भाजून निघते. पुढे ती थंड असताना काम करते आणि गरम झाली की दगा देते. घाटात बंद पडलेली गाडी अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, तर ‘पेट्रोलमध्ये कचरा’ म्हणण्याआधी कॉइलला हात लावून बघावा.

पावसाळ्यात जुलैच्या सकाळी येणारे फोन बहुतेक झाकणाचे असतात. झाकणाच्या आत ओल धरते आणि हजारो व्होल्टचा करंट प्लगकडे न जाता भिंतीवरून पळतो. कधी आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ उमटते, ती पुसून जात नाही, झाकणच बदलावं लागतं. अंधारात बॉनेट उघडून इंजिन फिरवलं तर जुनाट प्लग-वायरींवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात. ही तपासणी फुकटची आहे, आणि मला आवडतेही. जुन्या फियाटच्या गोळीसारख्या फ्यूजबद्दल तर काय सांगावं! दिवा गेला म्हणून लोक वायरिंग उसवतात, आणि तो फ्यूज जागच्या जागी बोटाने फिरवला की दिवा लागतो. टोकांवर साचलेला थर घासला जातो, एवढंच.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवू का, असं हल्ली बरेच जण विचारतात. रोज चालवणार असाल तर खुशाल बसवा, पॉइंटची कटकट मिटते. पण वर्षातून दोनदा रॅलीला काढून लोणावळ्यापर्यंत जाणार असाल तर पॉइंटच राहू द्या. ते डब्याआड लपलेलं यंत्र बंद पडलं की रस्त्यावर त्याचं काही करता येत नाही. पॉइंट बिघडले तर दिसतात, घासता येतात, आणि प्लगचा गॅप हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने धरता येतो, त्याची जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास असते. अशा गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात मी पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि ब्लेडचा तुकडा ठेवूनच देतो. त्यातला कंडेन्सर नवा घेऊ नका. हल्ली मिळतात त्यांचा भरवसा नाही. नीट चालणारा जुना उतरवला असेल, तर तोच कागदात गुंडाळून खणात टाका.