गारठ्यातले जादा तास

डिसेंबर लागला की निफाडचं नाव पेपरात येतं. राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून जो आकडा छापतात, तो बहुतेकदा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. 2018 च्या डिसेंबरात पारा दोन अंशांच्याही खाली गेला, तेव्हा पुणे, ठाणे, बडोदा असे पांगलेली आम्ही सगळी भावंडं फोनवर एकमेकांना तो आकडा कळवत होतो, आणि बोलणं थंडीवरून लगेच शाळेवर गेलं. आमच्या पिढीला थंडी आठवते ती शाळेसकट. त्यातही चौथीच्या आणि सातवीच्या स्कॉलरशिपच्या वर्षांची.

आमचं गाव गोदाकाठचं, नांदूरमध्यमेश्वरच्या अलीकडचं. घरात तिघा भावांची मुलं एकाच चुलीवर वाढली. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेली ही फळी. सगळ्यांत थोरली आक्का, मग दादा, बापू, आणि त्यांच्यामागे आम्ही धाकटे. जिल्हा परिषदेची कौलारू शाळा, शहाबादी फरशी, बसायला बस्करपट्ट्या. एकाची पुस्तकं दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि स्वेटरचंही तसंच. दादाचा तपकिरी स्वेटर माझ्यापर्यंत आला तेव्हा त्याच्या कोपरांना वेगळ्याच रंगाची लोकर लागली होती, कारण आक्काला शाळेत विणकाम शिकवलेलं होतं आणि घरात उरलेली लोकर हिरवी होती.

आपल्याकडेच एवढी थंडी का, हे आम्हाला गुरुजींनी पुस्तकातून न शिकवता वर्गाबाहेर नेऊन शिकवलं. गोदावरी, कादवा, दारणा यांच्या खोऱ्यातला हा सगळा पट्टा सपाट आणि सखल. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की जमीन दिवसभर घेतलेली ऊब रात्रीत सोडून देते. गार हवा जड असते, ती वाहत येऊन सखल जागी साचते, आणि वरून उत्तरेचा वारा सुटला की मग कडाका. गुरुजींनी एका सकाळी आम्हाला शाळेमागच्या गव्हाच्या शेताशी उभं केलं आणि पानांवरचं गोठलेलं दव दाखवलं. हीच थंडी गव्हाला आणि हरभऱ्याला मानवते, द्राक्षाचे मणी मात्र हिनेच तडकतात, हे आम्ही भूगोलाच्या आधी घरात ऐकलेलं होतं. थोरल्या काकांनी नुकतीच द्राक्षबाग लावली होती. कडाक्याच्या रात्री बागेच्या बांधावर ओल्यासुक्या काडीकचऱ्याच्या शेकोट्या धुमसत ठेवायच्या, पहाटे बागेला पाणी द्यायचं, असं ते सगळं चाले. 2008 च्या फेब्रुवारीतल्या लाटेत नाशिकच्या बागायतदारांचं जे नुकसान झालं, त्यानंतर काकांनी बाग कमी केली.

आठवड्याचे पाच दिवस शाळा अकराला भरायची. तोवर ऊन वर आलेलं असे, आणि त्या वेळेबद्दल आमची तक्रार नव्हती. शनिवार मात्र सकाळचा. साडेसातला घंटा व्हायची आणि मैदानावर कवायत सुरू. अनवाणी पायांना जमीन अक्षरशः चावायची. हात वर म्हटलं की बंडीच्या बाह्यांतून वारा आत शिरायचा. हातपाय उललेले, ओठ फुटलेले, आणि त्यावर आजीने आमसुलाचं तेल चोळलेलं. कवायतीनंतर वर्गात आत जायचं नाही, हा गुरुजींचा स्वतःचा नियम. शाळेच्या पूर्वेच्या अंगाला उन्हाची पट्टी पडायची, तिथं बस्करपट्ट्या अंथरल्या जायच्या. फळा दोघांनी उचलून आणायचा. ऊन सरकलं की वर्गही सरकायचा, गणिताचं एक उदाहरण भिंतीशी सुरू होऊन लिंबाच्या बुंध्याशी संपायचं. वर्ग असा बाहेर बसलेला तपासणीला आलेल्या साहेबांना आवडला नाही, तेव्हा गुरुजी म्हणाले होते, "साहेब, पोरांची बोटं वाकली तर ती लिहितील." पुढं तो विषय कुणी काढला नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेला खरा रंग चढायचा. गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, 20 डिसेंबरला, खराटे घेऊन गाव झाडायचं. 24 डिसेंबरला साने गुरुजींची जयंती, 3 जानेवारीला सावित्रीबाईंची. 18 जानेवारी आमच्या तालुक्याची खास, कारण न्यायमूर्ती रानडे 1842 साली त्या दिवशी निफाडला जन्मले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा 1859 साली झाली, त्यात उत्तीर्ण झालेल्यांत ते होते, आणि बी. ए. होणाऱ्या पहिल्या तुकडीतही होते. गुरुजी दर वर्षी हे इतक्या अभिमानाने सांगायचे, की रानडे आमच्याच शाळेतून गेले अशी आमची बराच काळ समजूत होती. मग 26 जानेवारीची प्रभातफेरी, भल्या पहाटे, घोषणांबरोबर तोंडातून वाफा निघत. आणि या सगळ्याच्या पोटात चालू असायचे स्कॉलरशिपचे जादा तास.

ही परीक्षा आमच्या राज्यात 1954-55 पासून चालत आलेली. आमच्या वेळी ती चौथीला आणि सातवीला असे, पुढं काही वर्षं पाचवीला आणि आठवीला झाली. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी. खेड्यातल्या मुलाला बुद्धिमत्तेचा पेपर म्हणजे नवंच जग होतं. गटात न बसणारा शब्द, आरशातली आकृती, तीन तारखेला सोमवार तर वीस तारखेला कोणता वार. गुरुजींना जादा तासाचा एक पैसा मिळत नसे. ते सायकलवर यायचे, संध्याकाळी कंदील लावून शाळेत अभ्यास घ्यायचे, आणि पहाटे पुन्हा दारात हाक मारायचे. शाळेच्या पुढच्या भिंतीवर गुणवंतांचा फळा होता. त्यावर ऑइलपेंटने साल आणि नाव लिहिलं जायचं. एका वर्षी दोन नावं लागली तेव्हा गुरुजींनी स्वतःच्या खर्चाने फळ्याची चौकट रंगवून घेतली.

आमच्या घरची तीन नावं त्या फळ्यावर आहेत. आज वयाच्या पन्नाशीत त्यांच्याकडे पाहताना एक गोष्ट लख्ख दिसते. ती नावं आमच्या हुशारीइतकीच आमच्या घरातल्या पहाटेच्या व्यवस्थेची आहेत.

परीक्षेचं वर्ष ज्याचं असेल त्याच्यासाठी घराचं घड्याळ बदलायचं. मोठी आई चारला उठून बंब पेटवायची. सरपण द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांचं आणि गोवऱ्यांचं. एरवी पहिलं गरम पाणी आजोबांना, पण दिवाळीपासून परीक्षेपर्यंत पहिला हंडा स्कॉलरशिपवाल्याचा. हा नियम आजोबांनीच घातला होता आणि ते स्वतः शेवटी अंघोळ करायचे. शेतीची वीज रात्री येई, गव्हाला दारं धरायला जावं लागे, आणि थोरल्या मुलांची पाळी ठरलेली असायची. परीक्षेच्या वर्षी ती पाळी काका घ्यायचे. लाल कांदा काढायचा आणि उन्हाळ कांदा लावायचा हंगाम नेमका याच दिवसांत येतो. गावातली निम्मी शाळा तेव्हा वाफ्यात वाकलेली असायची. आमच्या घरात त्या मुलाऐवजी रोजाने बाई लावली जायची. तेवढी रोजंदारी आमच्या घराला परवडत होती. शेजारच्या घराला ती परवडत नव्हती, आणि शेजारचा मुलगा पाढ्यांत माझ्या पुढे होता. जानेवारीत तो आठवडाभर आला नाही, नंतर आला तेव्हा त्याचा जादा तास बुडालेला होता, आणि फॉर्म भरूनही तो परीक्षेला गेला नाही.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. रस्त्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. त्यांतली काही मुलं दोन-तीन महिने आमच्या वर्गात येऊन बसायची, दाराशी, पटावर नाव नसताना. गुरुजी त्यांना हाकलत नसत. आमच्या चौथीच्या वर्षी तसा एक मुलगा आला होता. त्याचे आईवडील पहाटे तीनला गाडी जुंपून फडात जायचे, हा मागे लहान बहिणीला सांभाळायचा आणि तिला कडेवर घेऊनच शाळेत यायचा. बुद्धिमत्तेच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर आकड्यांची मालिका लिहिली, की आमची बोटं मोजायला लागेपर्यंत तो उत्तर पुटपुटलेला असे. बापूने एकदा त्याला स्वतःची जुनी पाटी दिली. गुरुजींनी त्याचा फॉर्म भरायची खटपट केली, पण दाखला त्याच्या गावच्या शाळेत होता. हंगाम संपला आणि टोळी गेली. पुढं साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, अशा मुलांची सोय लागावी म्हणून माणसांनी आयुष्य घातलं, त्या सगळ्यांबद्दल आमच्या घरात फार आदर आहे. पण त्या मुलाचं नाव त्या फळ्यावर असायला हवं होतं, यावर आम्हा भावंडांचं आजही एकमत आहे.

म्हणून "थंडीने मुलं काटक होतात, आम्ही नाही का शिकलो" असं कुणी म्हणालं की दादा फार चिडतो. तो स्वतः शिक्षक म्हणून निवृत्त झाला, खेड्यांतच राहिला. त्याचं म्हणणं असं, की थंडीने काटक झालेली मुलं आपल्याला दिसतात, कारण ती पुढे आली. जी गळाली ती मोजायला कुणी थांबलं नाही. त्याच्या शाळेत कडाक्याच्या दिवसांत तो परिपाठ उन्हात घ्यायचा आणि उशिरा आलेल्या मुलाला उभं करायचा नाही. आधी शेकोटीपाशी बसवायचा, कारण विचारायचं ते मधल्या सुट्टीत. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तेव्हा त्याने आम्हा सगळ्यांना फोन केले. निर्णयामागचं कारण लहान मुलांच्या झोपेचं होतं. दादाला त्यात शनिवारची कवायत दिसत होती. घरच्या कामांची घडी, रिक्षा-बसच्या वेळा, दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांच्या अडचणी, हे सगळं खरंच आहे. तरी मला तो निर्णय योग्य वाटतो. लहान मुलाचं डोकं चालायला आधी अंगात ऊब लागते, हे आमच्या मोठ्या आईला शासनाच्या आधी कळलेलं होतं.

निकाल उन्हाळ्यात लागायचा. बापूचा लागला तेव्हा गुरुजी भर दुपारी सायकल दामटत थेट मळ्यात आले होते. आजोबांनी त्यांना विहिरीवर बसवून उसाचा रस पाजला, आणि पुढच्या गुरुवारी घरी बोलावून टोपी, टॉवेल, नारळ दिला. शिष्यवृत्तीची रक्कम लहानशी. ती शाळेत यायची, सही करून घ्यायची. बापूने त्यातून शाईचं पेन घेतलं आणि उरलेले पैसे मोठ्या आईच्या हातात ठेवले. तिने ते परत केले नाहीत, याचा बापूला आजही आनंद आहे. तिने त्यातून बंबाची गळती डागून घेतली.

आणि आक्का. तिचं नाव फळ्यावर नाही. ती सातवीपर्यंत शिकली. हायस्कूल तालुक्याच्या रस्त्याला, एसटी एकच, आणि हिवाळ्यात परतताना अंधार पडायचा. मुलींना एसटीचा मोफत पास मिळण्याचे दिवस अजून दूर होते. तिची शाळा थांबली आणि आमच्या परीक्षा सुरू झाल्या. पहाटे ती चुलीपुढे बसून भाकरी थापायची आणि मध्येच पुसलेल्या हाताने मार्गदर्शिकेचं पान उलटून प्रश्न वाचायची. आम्ही गोधडीत पाय गुंडाळून उत्तरं द्यायचो. चुकलं की ती दुसऱ्यांदा वाचायची, तिसऱ्यांदा उत्तर सांगायची आणि तसं का ते समजावायची. तीन जणांना तिने ते पुस्तक असं पाठ करवलं, म्हणजे तिने स्वतः ते किती वेळा सोडवलं असेल. परीक्षा केंद्रावर जायच्या दिवशी डब्यात तिळाची चटणी आणि बाजरीची भाकरी बांधून द्यायची आणि वेशीपर्यंत यायची. आपण का बसलो नाही, असं ती कधी म्हणाली नाही, आणि आम्हीही तेव्हा विचारलं नाही. थोरांपैकी कुणीतरी हे विचारायला हवं होतं.

आता तिची नात स्कॉलरशिपला बसते आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही पिंपळगावला आक्काकडे गेलो, तेव्हा मुलगी अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसली होती आणि आक्का भाजी निवडत समोर. चष्मा कपाळावर, पुस्तक मिटलेलं. प्रश्न तिला वाचावे लागत नव्हते.

"तीन तारखेला सोमवार. वीस तारखेला?"

मुलगी बोटं मोजू लागली. माझ्या तोंडून "गुरुवार" निघून गेलं, तशी आक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "तू गप. तुझी परीक्षा झाली."