मीठ जातं कुठे?

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मी चरात उतरत नाही, भाचा उतरतो. लेव्हलची दुर्बीण लावून तो उतार काढतो, पाइपाभोवती खडी-वाळूचा थर नेटका देतो. माझ्यापेक्षा त्याचं काम बिनचूक आहे. पण चराच्या मुखाशी तो थांबत नाही, आणि मला आता काठावरून तेवढंच दिसतं.

चोपण जमीन कशी सुटते हे या कामातल्या माणसाला सांगायला नको. जिप्सममधलं कॅल्शियम चिकणमातीवर चढतं, सोडियम उतरतं. काम अडतं त्यानंतर. उतरलेलं मीठ पाण्याबरोबर वावराबाहेर जायला हवं, आणि बाहेर म्हणजे बहुतेक वेळा खालच्याचं वावर. ओढा गाळानं आणि वेड्या बाभळींनी भरलेला. त्यातलं पाणी पाइपाच्या वर चढलं की निचरा तुंबतो. ओढा मोकळा असला तरी मीठ शेवटी नीरेत जातं, आणि नदीकाठच्या मोटारी तेच पाणी उपसून पुन्हा उसाला देतात.

नीरा डावा कालवा 1885 पासून वाहतो आहे. पाणी आणायला आपण कालवे खोदले, ते काढून द्यायचे ओढे मात्र बुजवले. खडकवासल्याची जलसंशोधन संस्था 1916 मध्ये सुरू झाली ती सिंचनाच्याच प्रश्नांसाठी. म्हणजे हे दुखणं कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही.

जमिनीतून काढलेलं ठेवायचं कुठे, हा प्रश्न इतरांनाही पडला आहे. 2011 च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर फुकुशिमात काय केलं, ते मी मन लावून वाचलं. सीझियम चिकणमातीच्या पापुद्र्यांत इतकं घट्ट बसतं की पाण्यानं धुऊन निघत नाही. म्हणून शेतांची वरची पाचेक सेंटिमीटर माती खरवडली. अशी साधारण 1 कोटी 40 लाख घनमीटर माती ओकुमा आणि फुताबा या गावांच्या हद्दीत आणून ठेवली आहे. 2045 पर्यंत ती प्रांताबाहेर न्यायची असा कायदा आहे, पण घ्यायला कोण तयार होणार? सीझियम-137 निदान तीस वर्षांत निम्मं होतं. मिठाला तीही सोय नाही.

पाइपाला चुंबक बांधून क्षार मोडतो म्हणणारे विक्रेते हल्ली गावोगाव फिरतात. त्यांचा मला मनापासून राग येतो. चुंबकानं सोडियमचा एक कणही वावराबाहेर जात नाही, आणि शेतकऱ्याचा हंगाम मात्र जातो.

ढेकूळ बोटांत चुरून चोपणाची हद्द सांगण्याचा मला गर्व होता. प्रयोगशाळेचा अहवाल माझ्या बोटांमागून आला की छाती फुगायची. लोक ‘जमिनीचे वैद्य’ म्हणायचे, ते गोड लागायचं, आजही लागतं. सुधारलेल्या उसात उभं राहून नारळ-शाल घेताना मला पुढचाच बांध दिसायचा.

यंदा पिंपळीत चर आखायला आम्हा मामा-भाच्यांना बोलवायचं असेल, तर खालच्या बांधाच्या शेतकऱ्यालाही बोलावून ठेवा. आधी तिघं-चौघं मिळून ओढ्यापर्यंत चालत जाऊ. जिप्समची गाडी त्यानंतर मागवा.