काजळीच्या मुखाशी

समुद्राची पातळी वाढते तेव्हा किनाऱ्यावर नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी रत्नागिरीहून भाट्ये येथे निघालेल्या प्रवाशाने थेट पूल न गाठता आधी थिबा राजवाड्याजवळच्या टेकडीच्या कडेला यावे, कारण पुढे जे तुकड्यातुकड्यांनी पायाखालून जाणार असते ते येथून एका नजरेत मावते. १८८५ मध्ये ब्रिटिशांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा १९१० मध्ये बांधून झालेल्या या वाड्यात १९१६ साली मृत्यू येईपर्यंत राहिला, आणि त्याच्या नजरकैदेचे क्षितिज म्हणजे हीच खाडी होती. खाली काजळी नदी रुंदावत समुद्राला मिळते. अलीकडच्या तीरावर राजिवड्याची दाट वस्ती, मध्ये पूल आणि पलीकडे भाट्याच्या सुरूबनाची गडद पट्टी दिसते. ओहोटी असेल तर खाडीच्या मुखाशी लाटा विनाकारण फुटताना दिसतात. ते कारण पाण्याखाली असते आणि ते वाळूचे असते.

राजिवड्यात उतरल्यावर त्या वाळूचा अर्थ कळतो. नदीने आणलेला गाळ आणि लाटांनी लोटलेली वाळू मुखाशी एकत्र येऊन दांडा तयार होतो, म्हणजे पाण्याखालची आडवी वाळूची रास, आणि तिच्यामुळे मासेमारी होड्यांना आत-बाहेर करण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागते. मुखातला गाळ उपसावा ही येथील मच्छीमारांची जुनी मागणी आहे. समुद्र चढतो आहे असे सारे जग सांगत असताना येथे होडीखाली पाणी पुरत नाही, ही विसंगती वरवरची आहे. पातळी चढल्याने किनारा नुसता बुडत नाही, तर त्यावरची वाळू नव्याने मांडली जाते, आणि एका जागची झीज दुसऱ्या जागी भर होऊन उभी राहते. भाट्याचा सारा प्रश्न पाण्याच्या उंचीइतकाच वाळूच्या जागेचा आहे.

पुलावरून पावसच्या दिशेने जाताना उंचीचा हिशेब मांडून घेणे सोयीचे. हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. १९७१ पर्यंत हा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता, तर २००६ ते २०१८ या काळात तो ३.७ मिलिमीटर झाला. १९७१ नंतरच्या वाढीतील साधारण अर्धा वाटा पाणी तापून प्रसरण पावल्याचा आणि उरलेला बव्हंशी जमिनीवरचे बर्फ वितळल्याचा आहे. कोकणाला जवळची दीर्घकालीन नोंद मुंबईच्या अपोलो बंदरातील भरतीमापकाची असून ती १८७८ पासून उपलब्ध आहे, आणि तिच्यात विसाव्या शतकातील वाढ वर्षाला एक मिलिमीटरहूनही कमी दिसते. पुलाखालून दिवसातून दोनदा माणसाच्या उंचीइतके पाणी चढत-उतरत असता मिलिमीटरांची चिंता कोणी का करावी, असा प्रश्न येथे कोणालाही पडेल. त्याचे उत्तर उधाणात आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला उधाण आणि अष्टमीच्या आसपासच्या दुबळ्या भरतीला भांगाची भरती म्हणतात; भांगाच्या पाण्यात काही सेंटिमीटर वाढले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही, परंतु आषाढातल्या उधाणावर वाऱ्याने लोटलेले पाणी आणि लाटा स्वार झाल्या की तेच काही सेंटिमीटर पाणी बांधाच्या आत राहणार की बाहेर हे ठरवतात.

पूल संपताच उजवीकडे भाट्याची पुळण लागते. उत्तरेला खाडीचे मुख आणि दक्षिणेला डोंगर यांच्यामध्ये सुमारे दीड किलोमीटर सरळ पसरलेला हा वाळूचा किनारा जांभ्या दगडाच्या डोंगरांनी दोन्हीकडून मर्यादित केलेल्या कोकणातील इतर पुळणींसारखाच आहे, आणि त्याच्या वाळूला एक वार्षिक लय आहे. पावसाळ्यातील उंच लाटा वरची वाळू ओरबाडून उथळ समुद्रात नेऊन ठेवतात, किनारा अरुंद आणि उभा होतो. वारे पडल्यावर लांब, संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. नारळी पौर्णिमा या पालटाच्या उंबरठ्यावर येते हे लक्षात घेता, सण ठरवणाऱ्यांनी समुद्राकडे पुष्कळ वर्षे नीट पाहिले असावे. पातळी वाढते तेव्हा या देवाणघेवाणीत तूट पडते, कारण नेलेली सगळी वाळू परत येत नाही. चढलेल्या पाण्याखालचा तळ उंचावण्यासाठी तिच्यातील काही भाग खर्ची पडतो.

डॅनिश अभियंता पेर ब्रून याने १९६२ मध्ये मांडलेला नियम यावरच आधारलेला आहे: पाणी जितके चढेल त्याच्या साधारण पन्नास ते शंभर पट अंतर वाळूचा किनारा मागे सरकतो. वर्षाला ३.७ मिलिमीटर हा वेग धरला तर हे मागे सरणे वर्षाला १८ ते ३७ सेंटिमीटर होते. बाहेरून वाळू येत नाही आणि जातही नाही, हे या नियमाचे गृहीतक आहे. भाट्याला तर काजळी शेजारी आहे, तेव्हा हा आकडा येथे जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. तथापि सुरूबनाच्या समुद्राकडील काठावर उघडी पडलेली मुळे आणि कललेली झाडे वाळू कोठून गेली ते दाखवतात. त्यातील प्रत्येक झाड समुद्रपातळीनेच पाडले असे म्हणणे मात्र अन्यायाचे आहे. खाडीमुखातील दांड्याचे हलणे, फयान (२००९) आणि तौक्ते (२०२१) यांसारखी चक्रीवादळे आणि सुरूचे स्वतःचे उथळ मूळ, यांचाही त्यात हात असतो. सुरू हे येथले मूळ झाड नव्हे. बनापुढे पसरणारी मर्यादवेल वाळू धरून ठेवण्यात त्याहून चिवट आहे, आणि तिचे नावही नेमके आहे.

बनाच्या जवळच दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. १९५५ पासून चालणाऱ्या आणि 'प्रताप' ही जात देणाऱ्या या केंद्राच्या माडांखालून जाताना धोका दिसत नाही, कारण तो जमिनीखाली असतो. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाली शिरलेल्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि दोन्हींच्या घनतेतील फरकामुळे समुद्रपातळीच्या वर एक हात गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस हात असते. घायबेन आणि हर्झबर्ग यांच्या नावाने ओळखला जाणारा हा हिशेब उलटाही चालतो: उपशाने वरचे पाणी वीतभर उतरले किंवा समुद्र तेवढा चढला, की खालून खारे पाणी कित्येक पटींनी वर येऊ लागते आणि विहीर मचूळ होते. माड थोडा खारटपणा सोसतो, पिण्याचा हंडा सोसत नाही.

पुळणीच्या दक्षिण टोकाला झरी विनायकाचे मंदिर आहे. समुद्रापासून काही पावलांवर गोड्या पाण्याचा झरा असण्याचे कारण मागचा सच्छिद्र जांभ्याचा डोंगर असून, पावसाळ्यात प्यायलेले पाणी तो पायथ्याशी सोडतो. येथून मागे वळून पाहता भाट्याची खरी संपत्ती दिसते: पुळण आणि रस्ता यांच्यामधील ती मोकळी, बनाने व्यापलेली रुंदी, जिच्यात वाळूला मागे सरकता येते.

ही रुंदी नसली तर काय होते ते पाहण्यासाठी परतीच्या वाटेवर शहराच्या दुसऱ्या बाजूला, मुरुगवाड्यापासून मिऱ्यापर्यंत जावे. तेथे घरे आणि रस्ता पाण्याला भिडलेले असल्याने धूपप्रतिबंधक बंधारा, म्हणजे किनाऱ्याची झीज अडवणारी दगडांची आणि चौपायी काँक्रीट ठोकळ्यांची भिंत, हाच मार्ग उरला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात भरकटलेले 'बसरा स्टार' हे जहाज याच किनाऱ्याला येऊन लागले. भिंत मागचा रस्ता राखते. परंतु तिच्यावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उपसते, म्हणून पुढची पुळण जाते आणि भिंतीला पुन्हा दगड घालावे लागतात. भाट्याच्या बनात उद्या उपाहारगृहे आणि वाहनतळ बसवले गेले, तर परवा तेथेही भिंतच मागितली जाईल.

प्रवासाचा शेवटचा टप्पा समुद्राकडे पाठ करून, काजळीच्या काठाने वर चांदेराईला नेतो. ही बाजारपेठ नकाशावर किनाऱ्याची नव्हे, तरी मुसळधार पावसात काजळी तिच्यात शिरते. आणि पूर उतरण्याच्या घटकेला खाली भाट्याशी उधाणाची भरती असली, तर नदीचे पाणी बाहेर पडायला वाट नसल्याने रेंगाळते. म्हणून येथील दुकानदार पावसाळ्यात आकाशाइतकेच पंचांगातील तिथीकडे पाहतात, आणि माल वरच्या फळीवर चढवतात.